भासऱ्यानं काढलेला व्हिडिओ

आधी वासाबद्दल सांगतो, कारण व्हिडिओत तो येत नाही आणि मला मात्र अजून येतो.

कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, धोतरा, एरंडी, निरगुडी असा दहा झाडांचा पाला, शेण, गोमूत्र, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाटलेला लसूण. हे सगळं एका मोठ्या निळ्या ड्रममध्ये पाण्यात महिनाभर कुजत ठेवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, मग फडक्यानं गाळून धानावर फवारायचं. याला दशपर्णी अर्क म्हणतात. अर्क म्हटलं की माणसाला बडीशेप नाहीतर गुलाब आठवतो. ज्या कोणी हे नाव ठेवलं त्याला त्या ड्रमवर वाकवून तासभर उभं करावं, असं मला फार वाटतं.

चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात हे ड्रम आता बऱ्याच घरी आहेत. आमच्याकडचा घराच्या बाजूच्या वाडीत, गुरांच्या कोठ्याला लागून, बरोबर माझ्या खिडकीखाली आहे. ड्रम माझ्या भावसुनेचा, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोचा. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. घराचा मागचा भाग तिचा, पुढचा आमचा, आणि वास दोघांचा.

मी सिंचन विभागात कारकुनी करून निवृत्त झालो. उभा जन्म फायलींच्या धुळीत गेला, पण धूळ कोरडी असते. ओल्या घाणीशी माझं कधीच जमलं नाही. लहानपणी रोवण्याच्या दिवसांत चिखलात उतरलो आणि पायाला जळू लागली की मी बांधावर बसून ओकायचो. शेतकऱ्याच्या घरी असलं पोरगं जन्माला आलं म्हणून बाप कपाळावर हात मारायचा. ओकारीनंच मला शिकवलं आणि नोकरीला लावलं असं म्हटलं तरी चालेल. आणि म्हातारपणी त्याच घाणीपुढे फोन घेऊन उभं राहायची वेळ आली.

झालं असं की तालुक्यात एका संस्थेनं बिनविषाच्या शेतीचं काम सुरू केलं. गावोगाव फिरून बायकांना अर्क शिकवणारी एक बाई त्यांना हवी होती. बचत गटातल्या जिला हे काम हवं असेल तिनं स्वतःचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, चेहरा दिसला पाहिजे, तिनं स्वतः समजावून सांगितलं पाहिजे, आणि पोळ्याच्या आत तो पोचला पाहिजे, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. भावसून बैठकीला गेली होती. आमच्या घरात तिला काय हवं नि काय नको हे सहसा कळत नाही. पण त्या दिवशी परत आल्यावर ती चुलीजवळ माझ्या बायकोला म्हणाली, आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, लोकाच्या बांधीत वाकून वाकून कंबर गेली माह्यी. हे काम भेटलं त सरळ उभी राहून बोलीन. मले हे पायजेच."

पाहिजेच हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तोंडून म्हणजे भिंतीपलीकडून.

आता व्हिडिओ काढायचा कोणी? तिच्याकडे बटणाचा फोन. माझा मुलगा पुण्यात. शेजारच्या पोरीला सांगितलं असतं तर तिनं त्याच संध्याकाळी आमच्या ड्रमवर गाणं चढवून तो गावाच्या ग्रुपवर टाकला असता. गटातल्या बाकीच्या बायका स्वतःच त्या कामाच्या आशेत, त्या हिला कशाला मदत करतील? राहिलो मी. मोठा फोन माझा, चष्मा माझा, रिकामा वेळही माझाच.

पण मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आणि आमच्याकडे भावसून भासऱ्याशी बोलत नाही. समोर येत नाही, यावंच लागलं तर पदर नाकापर्यंत ओढून येते. भासरा बसतो त्या खाटेवर ती बसत नाही. मी वाडीत जाणार असलो की आधी खोकतो, ती अंगणात असली की भांडं वाजवते, मग जो तो आपली वाट बदलतो. तिला मला काही सांगायचं असेल तर ती माझ्या बायकोला सांगते, मी चार हातांवर बसलेला असलो तरी. मी उत्तर बायकोला देतो. बायको तेच पुन्हा तिला सांगते, जसे काही आम्ही दोघं बहिरे. ही रीत मी काढलेली नाही, आणि तिनंही नाही. घरात पाण्याचा रांजण असतो तशी ती होती, येता-जाता कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. फोनपुढे नेली तेव्हा ती किती बुरसटलेली आहे ते दिसलं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं वाडीत उभे राहिलो. ड्रमजवळ भावसून, तिच्यासमोर मी, आणि मधे पंचासारखी माझी बायको. मी नाकाला रुमाल बांधला होता. फोन कसा धरायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यात शिकण्यासारखं काय आहे असं मला वाटलं. माणूस उभा असतो, फोन उभा धरायचा. लाल टिंब दाबलं आणि बायकोला म्हणालो, "तिले म्हण, बोलाले सुरुवात कर."

"बोलाले सुरुवात कर म्हणतात," बायको म्हणाली.

भावसून कोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाई, म्हणा त्याइले, का बोलू?"

"का बोलू म्हणते."

"तिले म्हण, जे त्या बैठकीत सांगितलं तेच."

"जे बैठकीत सांगितलं तेच म्हणतात."

असं बराच वेळ चाललं. नंतर खोलीत बसून तो व्हिडिओ पाहिला तेव्हा मला शिसारी आली, आणि ती शेणाची नव्हती. सूर्य तिच्या पाठीमागे होता म्हणून पडद्यावर नुसतं एक काळं भूत दिसत होतं, पदर नाकाखाली ओढलेलं. भूत भिंतीशी कुजबुजत होतं आणि माझी बायको, जी चित्रात कुठेच नव्हती, ती गावाला दवंडी दिल्यासारखी सगळं दोनदा सांगत होती. मधेमधे माझा आवाज. स्वतःचा आवाज मी त्याआधी असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. सर्दी झालेल्या बोकडानं कचेरीत अर्ज वाचून दाखवावा तसा तो आहे. इतकी वर्षं लोकांनी हा आवाज ऐकून घेतला आणि कोणी एका शब्दानं बोललं नाही, याबद्दल मला लोकांचाही राग आला.

तरी मी तो व्हिडिओ संस्थेच्या ताईला पाठवला. कदाचित असंच हवं असेल, असं वाटलं. तिचं उत्तर आलं, काका, चेहरा दिसत नाही आणि आवाज दुसऱ्याच बाईचा आहे, पुन्हा पाठवा.

मग मी यूट्यूबवर शिकायला बसलो. या जगात व्हिडिओ कसा काढावा हे शिकवणारी पोरं इतकी आहेत की काढणारे तितके नसतील. प्रत्येक जण आधी ओरडतो, मग बोटं नाचवतो, मग घंटी दाबा म्हणतो, आणि दहा मिनिटांनी सांगतो की उजेड समोरून हवा. एवढंच वाक्य होतं तर आधी बोलायचं होतं. एकानं तर काच पुसा हे सांगायला स्वतःच्या आईला समोर उभं केलं होतं, आणि ती बिचारी पुन्हा पुन्हा हसत होती, कारण त्यानं तिला हसायला लावलं होतं. ते पाहून जीव विटला. पण उजेडाचं कळलं, काचेचं कळलं, आणि बाकी पुष्कळ असं कळलं जे कळून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या खेपेला आम्ही सकाळी उभे राहिलो, सूर्य माझ्या पाठीशी. पदराचा प्रश्न होताच. मी समोर असलो की पदर खाली. म्हणून मी फोन बायकोच्या हाती दिला आणि खोलीत जाऊन बसलो. लाल टिंब दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद, हे तिला नीट समजावलं. ती म्हणाली, समजलं. तिला समजलंही होतं, फक्त पहिल्यांदा तिचं बोट दोनदा लागलं. त्यामुळे पुढे सगळं उलटं झालं. भावसून बोलत होती तेव्हा फोन बंद, आणि दोघी थांबून गप्पा मारत होत्या तेव्हा चालू. व्हिडिओत मला बायकोच्या साडीचा काठ, तिचा अंगठा, एक कोंबडी आणि पुष्कळशी जमीन मिळाली.

पण आवाज स्वच्छ होता. भावसून म्हणत होती, "भाऊजी कसे उभे रायतात ना बाई, नाकाले फडकं बांधून, जसा का डाक्टर आला पोस्टमार्टेमले." आणि मग ती हसली. मोकळं, पोट धरून. बायको पण हसली. मी तो तुकडा पुन्हा लावून पाहिला. एकाच घरात इतकी वर्षं राहून तिचं हसणं कसं असतं हे मला त्या कोंबडीच्या व्हिडिओतून कळावं, याची मला फार किळस आली. कोणाची, ते नेमकं सांगता येणार नाही. रीतीची म्हणा, घराची म्हणा.

बायकोला मी हे दाखवलं नाही. फोन काही बरोबर चालला नाही, एवढंच सांगितलं.

तिसऱ्या खेपेला मी रुमाल बांधला नाही. डॉक्टर म्हणतात काय, बघतोच, असं मनात आलं. फोन पुन्हा माझ्या हातात, बायको मधे, पण या वेळी तिला ताकीद दिली की सुरू झाल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. भावसुनेनं गोमूत्राची बादली उचलली आणि ड्रममध्ये ओतली. ओतताना तिचा पदर सरकायला लागला, तो सावरायला तिनं एक हात काढला, बादली कलली आणि एक शिंतोडा थेट माझ्या ओठावर आला.

पुढचं वर्णन मी करणार नाही. करंजाच्या झाडाखाली जाऊन मी जे केलं ते लहानपणी बांधावर करायचो तेच. फोन हातात चालूच होता. त्या व्हिडिओत करंजाचं खोड आहे, माझे आवाज आहेत, आणि मागून बायको तिला सांगते आहे, "काई नाई, त्याइचं असंच रायते." नंतर जेवताना ताटात ताकाचा पेला जास्तीचा आला, तो कोणी पाठवला हे बायकोनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग मी म्हटलं, माणूसच नको समोर. बांबूचा एक दांडका जमिनीत रोवला, त्याचं टोक चिरून फटीत फोन उभा खोचला, आणि सुरू करून मी खिडकीच्या आत गेलो. बायकोलाही आत घेतलं. ती एकटी फोनसमोर. आता तरी पदर वर जाईल असं वाटलं, आणि थोडा गेलाही. पण वारा आला की बांबू डोलायचा, आणि व्हिडिओ पाहताना मला नावेत बसल्यासारखं मळमळायला लागलं. त्यात फोनमध्ये कुठलं तरी सुंदर करायचं बटण माझ्या हातून दाबलं गेलं होतं. भावसुनेचा रंग पिठासारखा पांढरा, गाल गुलाबी, डोळे मोठे, ओठांना लाली. उन्हात रापलेली, चाळिशी उलटलेली बाई शेणात हात घालते आहे आणि तिचं तोंड मात्र लग्नाच्या पत्रिकेवरचं. ते बटण कुठून आलं हे मला सापडेना आणि बंद कसं करायचं तेही सापडेना. मी तो फोन चुलीत टाकायचा बाकी ठेवला होता.

पोळा जवळ आला. गटातल्या दुसऱ्या दोघींचे व्हिडिओ गेले, हे बायकोनं पाणी भरताना ऐकून आणलं. एकीच्या व्हिडिओत म्हणे मागे गाणंही होतं. भावसून त्या दिवसांत काही बोलत नव्हती, म्हणजे बायकोशीही नाही. सकाळ-संध्याकाळ ड्रम ढवळायची, आणि पहाटे दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जायची. खिडकीतून काठीचा आवाज आला की माझं डोकं फिरायचं. एका बाईनं तोंड दाखवून तीन मिनिटं बोलायचं, यात अवघड काय आहे? पण ते तोंड माझ्यापासून लपवायचं आणि माझ्याच हातातल्या फोनला दाखवायचं, हे गणित कोणाच्या बापाला सुटणार होतं? माझ्या मनात त्या पदराबद्दल जी घाण साचली ती ड्रममधल्या घाणीपेक्षा जास्त होती. ड्रममधली निदान धानाच्या कामाला येते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच निरोप आला. बायकोच्या माहेरी, मूल गावी, तिची काकू वारली होती. बायको मिळेल त्या गाडीनं निघाली. जाताना दारात उभी राहून म्हणाली की दोन्ही वेळचं जेवण भावसून झाकून ठेवेल. व्हिडिओचं तिनं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. मधे बोलणारं माणूसच नसेल तर व्हिडिओ कसला, हे आम्हा तिघांनाही न सांगता कळलं होतं, असं मी धरून चाललो.

दुपार कलली तेव्हा वाडीत भांडं वाजलं. मी वाट मोकळी करायला म्हणून उठलो नाही, बसूनच राहिलो. भांडं पुन्हा वाजलं. खिडकीतून पाहिलं तर ती ड्रमजवळ उभी होती. ठेवणीतली हिरवी साडी नेसलेली. बाजूला शेणाचं टोपलं, बादली, आणि खाली चटईवर दहा झाडांचा पाला वेगवेगळा मांडलेला. मांडून झाल्यावर ती वाट पाहत होती. कोणाची, हे स्पष्टच होतं, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

मी खोकलो आणि गेलो. काय बोलायचं आणि कोणाला सांगून बोलायचं हे कळत नव्हतं, म्हणून फोनच्या कामाला लागलो. ऊन माझ्या पाठीशी आहे हे पाहिलं, काच पुसली, ते सुंदर करायचं बटण बंद आहे ना ते पाहिलं (ते शेवटी आपोआपच बंद झालं होतं, कसं ते विचारू नका), फोन उभा धरला आणि लाल टिंब दाबलं. तिनं बोलायला सुरुवात केली नाही. पदर डोक्यावर होता, खाली ओढलेला नव्हता. ती जमिनीकडे पाहत होती. पडद्यावर सेकंद पळत होते.

मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "भाऊजी, फोन आडवा धरा."

आधी मला कळलंच नाही की हे मला म्हटलं आहे. मागे कोणी उभं आहे का, म्हणून मी वळूनही पाहिलं.

"आडवा," ती म्हणाली. "बैठकीत सांगितलं होतं त्या ताईनं. उभा नाई चालत त्याइले."

मी फोन आडवा केला. एकदम सगळं मावलं. आधी नुसती बाई आणि अर्धा ड्रम दिसायचा, आता ड्रम, चटई, पाला, कोठ्याची भिंत, वरचं करंज, सगळं होतं आणि मधे ती होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला हे माहीत होतं. भासऱ्याची चूक भासऱ्याला दाखवायची नाही, आणि त्याच्या बायकोकडूनही सांगायची नाही, म्हणून माहीत असून ती पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत तोंड मिटून राहिली. तिचं काम गेलं तरी चालेल, पण माझी चूक झाकलेली राहिली पाहिजे. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि ओठावर आलेल्या शिंतोड्याची चव पुन्हा तोंडात आली.

ती बोलली. माझ्याकडे नाही, फोनकडे पाहून, पण सरळ. हा निंब, हा करंज, हा धोतरा, याले हात लावल्यावर डोये चोळाचे नाई, हा रुईचा पाला. कोठ्याची भिंत तिच्या मागे होती आणि तिनं तिच्याकडे एकदाही तोंड केलं नाही. मधे बकरी आली, तिला तिनं पायानं हाकललं आणि बोलत राहिली. सगळं संपवून हात जोडले, आणि मग जोडलेल्या हातांनीच म्हणाली, "अन् लसूण सांगाचा रायला. लसूण बी वाटून टाकाचा." मी फोन बंद केला. ती पाला गोळा करायला वाकली आणि पदर पुन्हा खाली आला. मी खोकून आत गेलो.

आता तुकडा कापायचा होता. सुरुवातीचं ते बोलणं संस्थेला पाठवता येत नव्हतं, निदान मला तसं वाटलं. कापायच्या कात्रीचं चिन्ह सापडायलाच संध्याकाळ झाली. पहिल्यांदा मी चुकून शेवट कापला आणि लसूण गेला. दुसऱ्यांदा मधलं राहिलं आणि दोन्ही टोकं गेली. नशीब, मूळ व्हिडिओ तसाच राहत होता. शेवटी बरोबर कापलं, चित्र कुशीवर पडलं होतं तेही फिरवून सरळ केलं. पाठवलं. मूळ व्हिडिओ पुसायचा का, असं फोननं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यातल्या सुरुवातीच्या तुकड्यात बघण्यासारखं काही नाही. फोन उभ्याचा आडवा होताना करंज आणि आभाळ गरकन फिरतं, आणि आवाज येतो, भाऊजी, फोन आडवा धरा.

बायको तेरवी उरकून परत आली तोवर संस्थेचा निरोप आला होता. भावसुनेची निवड झाली होती. बायकोनं तिला मिठी मारली, तोंडात साखर घातली, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "ते म्हणते, भाऊजीइचे उपकार झाले म्हणा." मी म्हणालो, "तिले म्हण, कायचे उपकार."

संस्थेनं तो व्हिडिओ तालुक्याच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो गावात आला. पानठेल्यावर एक जण दुसऱ्याला म्हणत होता की भासरा आता भावसुनेचं तोंड पाहून राह्यला म्हणते, जमाना बदलला. मला ऐकू यावं एवढ्या आवाजात. यांच्या फोनमध्ये काय काय असतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण एका विधवा बाईचं शेणाच्या टोपल्यामागचं उघडं तोंड यांना खटकलं. मी सुपारी-तंबाखूचा खर्रा घेतला नाही, तसाच घरी आलो. या लोकांबरोबर मी लहानाचा मोठा झालो, याचं वाईट वाटण्याच्या पलीकडे मी गेलो आहे. नुसती किळस येते.

ती आता रोज गाडीनं जाते. घोट, आष्टी, कुठं कुठं. पिशवीत पाला, खांद्याला संस्थेची झोळी. तिकडे पन्नास माणसांसमोर सरळ उभी राहून बोलते म्हणे, गडी माणसं असली तरी बोलते. इथं सकाळी निघताना दारात पदर ओढून उभी राहते आणि बायकोला सांगते, म्हणा त्याइले, चालली मी. मी एकदा हिंमत करून थेट म्हणालो, जाय, गाडी चुकन. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि बायको कुठं दिसते का ते पाहिलं. बायको माझ्याकडे अशी पाहू लागली, जसा काही मला ताप आला असावा. पुन्हा मी तसं केलं नाही.

यंदा रोवणे झाल्यावर संस्थेनं तिला आणखी एक व्हिडिओ मागितला, नव्या बायकांना दाखवायला. ड्रम तोच, वास तोच. बायको मधे उभी राहिली, भावसून चटईवर पाला मांडून तयार. मी आता बरंच शिकलो आहे. ऊन कुठं हवं ते कळतं, काच पुसतो, कापायला चूक होत नाही. तरी मी फोन मुद्दाम उभा धरला. लाल टिंब दाबलं आणि थांबलो.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं, ते पदराखाली होतं. मग ती कोठ्याच्या भिंतीकडे वळली.

"बाई, म्हणा त्याइले, फोन आडवा धरा."

"आडवा धरा म्हणते," बायको म्हणाली.

मी आडवा धरला.